झरोक्यामागचा माणूस

चित्रपटगृहांत जाऊन बसलेल्या मनुष्याची दृष्टि एकाच दिशेला लागलेली असते. समोर पांढरा पडदा असतो, आणि त्या पडद्यावर जें कांहीं घडेल तेवढेंच त्याच्या लेखीं त्या दोन-तीन तासांचें जग असतें. नट, नटी, दिग्दर्शक, गाणीं रचणारा, तीं गाणारा, या सर्वांचीं नांवें त्याला ठाऊक असतात. घरीं गेल्यावर त्यांच्याविषयीं तो वादहि घालतो. परंतु आपल्या पाठीमागें, उंचावर, भिंतीला दोन-चार चौकोनी झरोके आहेत, त्यांतून प्रकाशाचा झोत निघून आपल्या डोक्यावरून पडद्याकडे जात आहे, आणि त्या झोताच्या उगमापाशीं एक माणूस उभा आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानांत क्वचितच येई. येई ती केव्हां, तर चित्र मधेंच तुटलें, अंधुक झालें किंवा आवाज बसला म्हणजे! मग सबंध प्रेक्षागृह मान मागें वळवी, शिट्या वाजत, आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. काम चांगलें झालें तर कोणी नांव घेत नाहीं आणि बिघडलें तर सर्वजण घेतात, अशा ज्या कांहीं थोड्या वृत्ति जगांत आहेत, त्यांत या माणसाची वृत्ति मोडत होती.

मोडत होती, असें म्हणावयाचें कारण इतकेंच, कीं फितीवरचे चित्रपट दाखविण्याचें तें काम आतां जवळजवळ संपलें आहे. ज्यांनीं तें वीस-वीस, तीस-तीस वर्षें केलें, ते आज वृद्ध झाले आहेत. आश्चर्याची गोष्ट ही, कीं ज्या कामांत उष्मा होता, धूर होता, धोका होता, पगार बेताचा होता आणि मान तर नव्हताच, त्या कामाच्या आठवणी निघाल्या म्हणजे या वृद्धांचे चेहरे उजळतात. हें प्रेम त्यांना कशामुळें जडलें, हें थोडें जवळ जाऊन पाहण्यासारखें आहे.

या वृत्तीचा जन्म चित्रपटाबरोबरच झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस शहरांतील ग्रँड कॅफेच्या तळघरांत ल्यूमिएर बंधूंनीं तिकीट लावून आपला पहिला खेळ केला, तेव्हां यंत्राचा दांडा फिरविण्यास त्यांचा कारागीर शार्ल म्वासाँ हा होता. त्यानंतर सात महिन्यांच्या आंत, म्हणजे ७ जुलै १८९६ रोजीं, तसलेंच यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत येऊन पोहोंचलें. त्या यंत्रांतली एक गंमत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दिव्याच्या पुढें पाण्यानें भरलेला कांचेचा एक गोल चंबू ठेवीत. तो भिंगाप्रमाणें प्रकाश एकवटून फितीवर पाडी, आणि त्यांतील पाणी दिव्याची धग शोषून घेई. त्यामुळें फीत जळण्याची भीति कमी होई. पुढें पन्नास-साठ वर्षांनीं महाराष्ट्रांतल्या गांवोगांवचीं मुलें काय करीत? विजेच्या निकामी दिव्याचा गोळा पाण्यानें भरीत, आरशानें ऊन त्याच्यावर पाडीत, आणि चित्रपटगृहाच्या मागें वेंचलेले फितीचे तुकडे त्यापुढें धरून अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर राजा-राणी उभीं करीत. ल्यूमिएरचें नांवहि त्यांच्या कानांवर आलेलें नव्हतें. परंतु युक्ति तीच होती. मनुष्याच्या ठिकाणीं चित्र पाहण्याची हौस जितकी उपजत आहे, तितकीच दुसऱ्याला चित्र दाखविण्याचीहि हौस उपजत असावी.

या दुसऱ्या हौसेनें कित्येकांचें आयुष्यच बदलून टाकलें. सामिकण्णू व्हिन्सेंट हे तिरुचिरापल्ली येथें रेल्वेच्या कचेरींत नोकरीला होते. १९०५ सालीं एका फ्रेंच खेळवाल्याकडून त्यांनीं यंत्र आणि फिती विकत घेतल्या, नोकरीवर पाणी सोडलें, आणि तंबू घेऊन ते गांवोगांव हिंडूं लागले. पुढें कोइमतूर शहरीं त्यांनीं कायमचें चित्रपटगृह बांधलें. मुंबईचे अब्दुलअल्ली युसुफअल्ली यांनीं त्याच्याहि आधीं आपला तंबू ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा इतक्या दूरवर नेला होता. १४ मार्च १९३१ रोजीं आपल्या देशांतील पहिला बोलपट 'आलम आरा' मुंबईच्या ज्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत लागला, तें पुढें याच गृहस्थांच्या हातीं आलेलें होतें. आपल्या कोल्हापुरांतहि हाच क्रम दिसतो. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यानें भाऊ. त्यांनीं जुन्या बाजारांतून चित्र दाखविण्याचें एक यंत्र मिळविलें, आधीं लोकांचे चित्रपट लोकांना दाखविले, आणि त्यांतूनच स्वतःचा कॅमेरा घडविण्याची ईर्ष्या धरली. आनंदराव १९१६ सालीं निवर्तले. बाबूरावांनीं तो कॅमेरा पुरा करून १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. अमेरिकेंत १९०३ सालीं 'दि ग्रेट ट्रेन रॉबरी' हा गाजलेला चित्रपट काढणारा एडविन पोर्टर हादेखील आधीं यंत्राचा दांडा फिरविणाराच होता.

दाखविणारे पुढें निर्माते झाले, यांत नवल कांहींच नाहीं. नट प्रेक्षकांचीं तोंडें पाहतो. यंत्रापाशीं उभा राहणारा मात्र त्यांच्या पाठी पाहतो. आणि पाठ कधीं खोटें बोलत नाहीं. चित्र मनाला भिडलें म्हणजे हजार पाठी एकदम ताठ होतात. कंटाळा आला म्हणजे त्या चुळबुळतात, वांकतात, विड्या पेटतात, मुलें रडूं लागतात. कोणत्या प्रसंगाला लोक श्वास रोखतात आणि कोणत्या प्रसंगाला ते खोकतात, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणालाच कळत नसे. हें ज्ञान त्याला कोणत्याहि शाळेंत मिळालेलें नव्हतें. तें त्याला त्या हातभर झरोक्यांतून मिळालें होतें.

मूकपटाच्या काळीं यंत्र हातानें फिरवावें लागे. दांड्याच्या एका फेऱ्यांत आठ चित्रें पुढें सरत, आणि सेकंदाला दोन फेरे हा सर्वसाधारण वेग असे. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. त्याची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. एका फुटांत सोळा चित्रें, या हिशेबानें तीं ५९,२०० चित्रें होतात. आणि हा एक चित्रपट एकदां दाखवावयाचा म्हणजे दांड्याचे ७,४०० फेरे झाले. तासाभराच्या या कामांत हात क्षणभरहि थांबतां कामा नये, आणि त्याची लयहि सुटतां कामा नये! पण नुसती लय राखूनहि भागत नसे. पडद्याखालीं पेटी-तबला घेऊन बसलेल्या वादकांकडे कान ठेवून, पाठलाग चालला असेल तर हात किंचित् जलद, शोकाचा प्रसंग असेल तर किंचित् संथ, असें तारतम्य ठेवावें लागे. म्हणजे तो नुसता यंत्र चालवीत नसे. पडद्यावरच्या नटांच्या चालीला ठेका धरीत असे.

बोलपट आला, तेव्हां ही मुभा गेली. फितीच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी आली, आणि आवाजाचा सूर बिघडूं नये म्हणून वेग ठाम झाला: सेकंदाला चोवीस चित्रें, मिनिटाला नव्वद फूट. दांड्याच्या जागीं मोटार आली. कित्येकांना वाटलें, आतां या माणसाला काय काम उरलें? परंतु काम वाढलें.

तें कसें, हें समजण्यासाठीं यंत्राच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे. फीत यंत्रांतून सलग धांवते असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. भिंगासमोर ती सेकंदांतून चोवीस वेळां थांबते आणि चोवीस वेळां पुढें सरकते. हें थांबणें-सरकणें घडवून आणणारें एक चार खांचांचें छोटें चाक असतें, आणि तें सारें यंत्राचें काळीज होय. फीत सरकत असतांना ती दिसूं नये म्हणून फिरती झडप प्रकाश अडविते. आणि चित्र स्थिर असतांनाहि तीच झडप एकदां मधें येऊन जाते, म्हणजे डोळ्याला लुकलुक जाणवत नाहीं. याचा अर्थ असा, कीं तिकीट काढून आलेला प्रेक्षक चित्रपटाचा जवळजवळ निम्मा वेळ निव्वळ काळोखांत बसलेला असे, आणि त्याला त्याचा पत्ताहि नसे! आतां एकीकडे रिळावरून फीत सलग येते, आणि भिंगापाशीं ती थांबत थांबत चालते. मग ती ताणून तुटत कशी नाहीं? त्यासाठीं भिंगाच्या वर आणि खालीं फितीचा एक-एक सैल वळसा ठेवावा लागे. हा वळसा कमी झाला कीं चित्र थरथरूं लागे, अधिक झाला कीं फीत घासे. किती सैल ठेवावयाचें, हें पुस्तकांत वाचून येत नसे. तें बोटांना कळावें लागे. नवशिक्या पोराला जुना जाणता सांगे, "बाबा, ताणलेंस तर तुटेल, आणि सोडलेंस तर गुंतेल." तो बोले फितीविषयींच, ऐकणाऱ्याला तें संसारालाहि लागूं पडतें असें वाटे.

दिव्याची तऱ्हा आणखी वेगळी. पुष्कळ वर्षेंपर्यंत हा दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या होत्या. त्यांची टोंकें जवळ आणून, विजेची ज्योत पेटली कीं किंचित् दूर करावयाचीं, म्हणजे त्या दोन टोंकांमध्यें मध्यान्हींच्या सूर्यासारखा पांढरा शुभ्र उजेड उत्पन्न होई. पण कांड्या जळून आंखूड होत, अंतर वाढे, आणि उजेड पिंवळा पडूं लागे. तेव्हां काळ्या कांचेंतून त्या ज्योतीकडे पाहत, दर थोड्या वेळानें त्या पुढें सारीत राहावें लागे. पडद्यावर नायिकेचा चेहरा जो अखंड उजळ दिसे, त्याचें श्रेय तिच्या रूपाला होतेंच; पण पाठीमागें घामानें न्हालेल्या एका माणसाच्या दोन बोटांनाहि तें होतें.

आणि सर्वांत अवघड कसब तें रीळ बदलण्याचें. हजार फुटांचें एक रीळ अकरा मिनिटांत संपतें. पंधरा रिळांचा चित्रपट असेल, तर तो सलग दिसावा म्हणून दोन यंत्रें शेजारीं-शेजारीं ठेवीत. एकावर रीळ संपत आलें, कीं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत वरच्या बाजूला एक लहानसा ठिपका क्षणभर चमके. तो दिसतांच दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करावयाची. सुमारें सात सेकंदांनीं दुसरा ठिपका चमके. त्या निमिषांत एका यंत्राचा प्रकाश झांकून दुसऱ्याचा उघडावयाचा. साधलें तर प्रेक्षागृहांतील एकाहि माणसाला कळत नसे. नायक जिन्याची अर्धी पायरी एका यंत्रावर चढे आणि अर्धी दुसऱ्यावर! चुकलें तर पडदा पांढरा फटफटीत, कीं शिट्या सुरू. प्रत्येक रीळ वेगळें चालवावयाचें असेल, तर खेळाला चौदा वेळां, आणि दिवसाच्या तीन खेळांना बेचाळीस वेळां ही परीक्षा. कित्येक जुन्या यंत्रचालकांना नोकरी सुटून वर्षें लोटल्यावरहि, चित्रपट पाहतांना उजव्या कोपऱ्याकडे नजर टाकण्याची संवय जात नसे.

या सर्वांपेक्षां मोठी जबाबदारी होती ती आगीची. जुनी फीत ज्या द्रव्याची होती, तें बंदुकीच्या दारूचें भावंड म्हणावें असें होतें. जळण्याला लागणारा प्राणवायु तिच्या अंगांतच असल्यामुळें, एकदां पेटलेली फीत पाण्यांत बुडविली तरी विझत नसे. ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमधील एका धर्मादाय बाजारांत चित्र दाखविण्याच्या दिव्यांतील ईथरनें पेट घेतला, आणि सव्वाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ३१ डिसेंबर १९२९ रोजीं स्कॉटलंडमधील पेझली गांवीं मुलांचा खेळ चालला असतां, पेटींत ठेवलेल्या एका रिळांतून नुसता दाट धूर निघाला. आग पसरली नाहीं. परंतु "आग! आग!" असें वाटून मुलें दाराकडे धांवलीं, दार उघडेना, आणि त्या चेंगराचेंगरींत ७१ मुलें दगावलीं. तेव्हां आगीइतकीच भीतीहि घातक असते, हा धडा या धंद्याला मिळाला. आपल्याकडे १९१८ सालीं चित्रपटांचा पहिला कायदा झाला, त्यांतहि प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचा हेतु प्रमुख होता. यंत्राची खोली वेगळी, भिंती न पेटणाऱ्या, झरोक्यांना एका झटक्यासरशी पडणाऱ्या लोखंडी झडपा, अशी व्यवस्था चित्रपटगृहांतून होऊं लागली. या व्यवस्थेचा सरळ अर्थ असा होता, कीं आग लागलीच तर ती त्या खोलींत कोंडली जावी. आणि खोलींत कोण असे, हें सांगावयास नको. झडपा आधीं पाडावयाच्या आणि मग आपण बाहेर पडावयाचें, हा त्या माणसाचा धर्म होता. १९५० च्या सुमारास सहसा न पेटणारी फीत सर्वत्र रूढ झाली आणि हें भय ओसरलें. तरीहि फीत भिंगापाशीं क्षणभर अडली, कीं दिव्याच्या धगीनें पडद्यावरच्या चित्राच्या मध्यभागीं तपकिरी डाग उठे आणि पाहतां पाहतां पसरे. तो ज्यानें पाहिला आहे, त्याला त्या जागेवरच्या सावधपणाची कल्पना येईल.

आतां एखाद्या तालुक्याच्या गांवीं जाऊं. त्या यंत्रचालकाला लोक 'ऑपरेटर' म्हणत, आणि त्याच्या खोलीला 'केबिन'. दुपारीं तो केबिनचें कुलूप काढी, यंत्राला नमस्कार करी, उदबत्ती लावी, भिंगें मऊ फडक्यानें पुशी, आणि आदल्या रात्रीचीं रिळें हातानें उलट गुंडाळूं लागे. हें गुंडाळणें नुसतें गुंडाळणें नसे. फितीची कड तो दोन बोटांच्या चिमटींतून सरकूं देई. आणि कोठें भोंक फाटलें असेल, कोठें सांधा उकलत असेल, तें त्या बोटांना अंधारांतहि लागे. मग कात्रीनें तेवढा भाग कापावयाचा, टोंक खरवडावयाचें, चिकटद्रव्याचें एक बोट फिरवावयाचें, आणि दाबून धरावयाचें. आवाज हा त्या चित्राच्या सुमारें वीस घरें पुढें छापलेला असतो. म्हणून एक फूट फीत जरी कापली, तरी चित्र एका क्षणीं उडी घेई आणि बोलणें दुसऱ्या क्षणीं. चांगला ऑपरेटर म्हणूनच कात्री जपून चालवी.

शहरांत चालून चालून जुनी झालेली फीत तालुक्याला येई, तेथून जत्रेला जाई. तोंवर तिच्यावर इतके ओरखडे उठलेले असत, कीं कडक उन्हाच्या प्रसंगींहि पडद्यावर पाऊस पडत आहे असें वाटे. पण त्या ओरखड्यांतहि ऑपरेटरला एक सोबत सांपडे. आधींच्या कोणी नीटस सांधा जोडलेला असे, कोणी घाईनें वांकडा. कोणी रीळ बदलण्याची खूण चुकूं नये म्हणून स्वतःचें बारीक भोंक पाडून ठेवलेलें असे. ज्यांचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, अशा समव्यवसायी माणसांचा हात तो असा ओळखी. आणि पेटी पुढच्या गांवीं पाठवितांना, पुढच्याची अडचण होऊं नये म्हणून आपले सांधे पुन्हां एकदां दाबून पाही. एकाच फितीवर दोन चित्रपटगृहें चालवावयाचीं असलीं, तर एकीकडे संपलेलें रीळ सायकलवर घालून एक पोर दुसरीकडे धांवे. वाटेंत सायकल पंक्चर झाली, तर दुसरीकडचे प्रेक्षक नायकाची वाट पाहत बसत, आणि शिव्या मात्र ऑपरेटरला बसत.

जत्रेंतला तंबू हा तर वेगळाच थाट. मालमोटारींतून यंत्र यावयाचें, विजेसाठीं जनित्र यावयाचें, कर्ण्यावरून हाकाटी व्हावयाची. कित्येक ठिकाणीं पडदा मधोमध टांगीत आणि लोक दोन्ही बाजूंनीं मातींत बसत. पलीकडच्यांना अक्षरें उलटीं दिसत आणि नायक डाव्या हातानें तरवार चालवी, पण त्यांची तक्रार नसे. वारा सुटला कीं पडद्यावरचा राजवाडा हेलकावे खाई. गाणें आवडलें कीं "पुन्हां, पुन्हां!" असा गिल्ला होई, मग रीळ उलट गुंडाळून तें गाणें पुन्हां लावल्याखेरीज पुढें जाण्याची सोय नसे. १९३६ सालचा प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' मुंबईंत एकाच चित्रपटगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. रोज तीन खेळ धरले, तरी हजारांहून अधिक वेळां तेथल्या यंत्रचालकानें तुकोबांना वैकुंठाला पोहोंचविलें असलें पाहिजे! १९७५ सालीं 'जय संतोषी मां' लागला, तेव्हां लोक चित्रपटगृहांत पादत्राणें काढून येत, पडद्यावर फुलें आणि नाणीं उधळीत, आरत्या ओवाळीत. भाव लोकांचा होता. पण देव ऐन प्रकट होण्याच्या क्षणीं उजेड पिंवळा पडूं नये, ही चिंता झरोक्यामागें कोणीतरी वाहत होता.

आणि केबिनच्या जिन्याखालीं मुलें उभीं असत. "मामा, एक तुकडा द्या ना!" कापलेल्या फितीचे तुकडे तो डब्यांत जमवून ठेवी, आणि खेळ सुटल्यावर एकेकाच्या हातावर ठेवी. कोणाला हनुमंत मिळे, कोणाला नुसताच घोडा, कोणाला 'मध्यंतर' एवढीच अक्षरें. तीं मुलें पुढें मोठीं झालीं, दूर गांवीं गेलीं. पण अनेकांना चित्रपटाचें नांव विसरलें तरी तो तुकडा आठवतो. जुन्या यंत्रचालकांच्या आठवणींत नटनट्यांपेक्षां हीं मुलें आणि त्या अंधारांतल्या पाठीच अधिक येतात. त्यांच्या प्रेमाचें मूळ येथें आहे. यंत्र तेंच, फीत तीच. परंतु प्रत्येक खेळ हातांनीं नव्यानें घडवावा लागे, आणि तो ज्यांच्यासाठीं घडवावयाचा, तीं माणसें समोर बसलेलीं असत. त्यांना आपण दिसत नाहीं, याचें दुःख त्याला नव्हतें. त्यांना आपण दिसलों नाहीं, म्हणजेच आपलें काम साधलें, असें तो मानी.

२००५ पासून आपल्या देशांत उपग्रहाच्या द्वारें चित्रपट पाठविण्यास आरंभ झाला, आणि पुढच्या दहा वर्षांच्या आंतबाहेर फितीचा व्यवहार जवळजवळ थांबला. यांत लाभ नाहींत असें नाहीं. आतां मुंबईंत आणि आडगांवीं एकाच दिवशीं नवा चित्रपट लागतो. ओरखडे नाहींत, आग नाहीं, सायकलची धांव नाहीं. शंभराव्या खेळालाहि चित्र पहिल्या दिवसासारखें ताजें असतें. जुन्याच्या मोहानें हें नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु ज्या यंत्रांची रोज उदबत्तीनें पूजा होई, तीं भंगाराच्या तराजूंत गेलीं, आणि त्यांच्याबरोबर आयुष्यभराचें कसबहि एका रात्रींत निरुपयोगी ठरलें. महाराष्ट्रांतल्या फिरत्या तंबूंची ही अखेर दाखविणारा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत गौरविला गेला. तोवर त्यांतलें बरेंचसें जग मावळतीला लागलें होतें.

आणि येथें प्रश्न केवळ हळहळीचा नाहीं. 'आलम आरा'ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. 'राजा हरिश्चंद्र' संपूर्ण स्वरूपांत उरलेला नाहीं. फितींतील चांदीच्या लोभानें कित्येक चित्रपट भट्टींत गेले, कित्येक दमट कोठारांत कुजले. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, म्हणून जें वांचलें तें वांचलें. पण फीत नुसती कपाटांत राहून वांचत नाहीं. ती उघडावी लागते, तपासावी लागते, सांधावी लागते, आणि केव्हांतरी प्रकाशासमोर चालवावीहि लागते. त्यासाठीं ज्या बोटांना सैलपणाचें माप ठाऊक आहे, अशीं बोटें लागतात. तीं बोटें आज आपल्या गांवांतच, एखाद्या बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या ओसरीवर किंवा नातवंडांच्या घोळक्यांत, स्वस्थ बसलेलीं आहेत.

तेव्हां श्रोतेहो, आपल्या गांवीं असा कोणी वृद्ध असेल, तर एके दिवशीं सवड काढून त्याच्याकडे जावें. वळसा किती सैल ठेवीत, कांडी केव्हां पुढें सारीत, सांधा कसा जोडीत, हें त्याच्याकडून समजून घ्यावें आणि कागदावर उतरून ठेवावें. शाळेंतल्या मुलांनीं हें काम हातीं घेतलें तर फारच चांगलें. इतिहासाचा तो एक उत्तम धडा होईल. तो सांगेल आनंदानें. कारण इतकीं वर्षें त्यानें आपल्या पाठी पाहिल्या आहेत. त्याच्याकडे तोंड करून कोणी बसलें आहे, हें दृश्य त्याला नवें वाटेल.